उद्यमबागच्या ऑपरेटरची दुसरी नोकरी आणि पाच कर्जं

ऑगस्ट 2023 ते जानेवारी 2024 या सहा महिन्यांत बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातल्या या मशीन ऑपरेटरने संध्याकाळचं दुसरं काम करून जवळजवळ ₹66,000 मिळवले. त्याच सहा महिन्यांत त्याच्या क्रेडिट कार्डाची बाकी ₹62,000 वरून ₹71,000 झाली आणि सावकाराचं ₹50,000 चं मुद्दल एक रुपयानेही हललं नाही. हे प्रकरण मांडायचं ठरवलं ते या एका गोष्टीसाठी. दुसरी नोकरी धरा आणि कर्ज फेडा, हा सल्ला बेळगावात चहाच्या गाड्यावरसुद्धा मिळतो. तो पैसा कर्जापर्यंत पोचतो की वाटेतच जिरतो, हे मात्र कुणी मोजत नाही.

मी लहान दुकानांचे आणि दोन-तीन सोसायट्यांचे हिशेब लिहितो. या घराशी ओळख त्यातूनच झाली. नावं देत नाही. दादा आणि वहिनी एवढंच म्हणतो. आकडे दोघांच्या संमतीने दिले आहेत, काही पूर्णांकात केले आहेत.

दादा छत्तीस वर्षांचे. उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचे ऑपरेटर. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं टर्निंग-बोअरिंग करायचं, तेच काम बारा वर्षं. घर येळ्ळूरच्या बाजूला, स्वतःचं. थोडी भातशेती आहे, त्यामुळे तांदूळ विकत घ्यावा लागत नाही. वहिनींचं माहेर चंदगड तालुक्यातलं. त्या घरी ब्लाऊज शिवतात, फॉल-पिको करतात. मुलं दोन, दोन्ही मराठी शाळेत. दादांचे वडील कायम औषधावर. 2022 च्या सुरुवातीला वडिलांचं ऑपरेशन आणि बहिणीचं लग्न चार महिन्यांच्या अंतराने आलं. सगळ्या कर्जांचं मूळ तिथं आहे.

दुसरं काम धरलं तेव्हा पाच देणी होती. बँकेचं पर्सनल लोन, 15 टक्के, 48 हप्ते, हप्ता ₹6,958. त्यातले 30 हप्ते आणि ₹1,73,000 शिल्लक. सोसायटीचं, म्हणजे पतसंस्थेचं कर्ज 16 टक्क्यांनी, हप्ता ₹3,917, शिल्लक ₹53,000; त्याला दादांचे मामा जामीन. वहिनींच्या नावावर महिला गटातलं मायक्रोफायनान्स, आठवड्याला ₹870, शिल्लक ₹26,000. क्रेडिट कार्ड ₹62,000. आणि गावातल्याच एकाकडून शेकडा पाच दराने घेतलेले ₹50,000, ज्याचं नुसतं व्याज महिन्याला ₹2,500. एकूण ₹3,64,000 आणि महिन्याचे हप्ते ₹20,200 च्या वर.

कमाई किती? दादांचा हातात येणारा पगार ₹18,800, साधारण वीस तास ओव्हरटाइमचे ₹3,600, वहिनींच्या शिलाईचे ₹4,000. सगळे मिळून ₹26,400. शंभरातले शहात्तर रुपये हप्त्यांना जायचे. मायक्रोफायनान्सचं कर्ज देताना घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर हप्ते जाता कामा नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम आहे. इथं तो कागदावर पाळला गेला, कारण फॉर्म भरताना सावकार आणि सोसायटी कुणी विचारली नाही आणि यांनीही सांगितली नाही. गटाचं कर्जकार्ड कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवं, असाही नियम आहे. वहिनींचं कार्ड कन्नडमध्ये होतं. त्यांना कन्नड बोललेलं कळतं, वाचता येत नाही. व्याजाचा दर 24 टक्के आहे हे त्यांना पहिल्यांदा माझ्याकडून कळलं.

घरखर्च ₹11,500 धरला तर महिन्याला ₹5,300 कमी पडायचे. ते कार्डावर जायचे. म्हणून दुसरं काम.

दादांनी जेवण पोचवायचं ॲप धरलं. ओळख लागत नाही, मालकाला सांगावं लागत नाही, गाडी आणि मोबाइल असला की झालं. कायमची पहिली पाळी मागून घेतली, सात ते तीन. दुपारी तासभर आडवं व्हायचं आणि साडेसहाला लॉगिन. साडेअकरापर्यंत टिळकवाडी, शहापूर, कॅम्प, कधी सदाशिवनगर. ॲपवर महिन्याला ₹11,000 दिसायचे. दर आठवड्याला पैसे खात्यात यायचे आणि घरात सगळ्यांना वाटायचं की आता सुटलो.

फेब्रुवारी 2024 मध्ये ते माझ्याकडे आले ते वेगळ्याच कामासाठी. गटाचं कर्ज संपत आलं होतं आणि गटाच्या सेंटरवरून पुढच्या सायकलला, म्हणजे कर्जाच्या पुढच्या फेरीला, ₹60,000 देतो म्हणत होते. ते घेऊन कार्ड मिटवावं का, हे विचारायचं होतं. बोलता बोलता दादा म्हणाले, "सर, पैसा येतोय की. पण कुठं जातोय ते दिसत नाही."

मग आम्ही वहिनींच्या मापाच्या वहीच्या मागच्या पानावर तो पैसा उतरवला. रोजचं साठेक किलोमीटर फिरणं, महिन्याचे चोवीस दिवस, गाडी पंचेचाळीसचं ॲव्हरेज देते: पेट्रोल ₹3,260. ऑइल, चेन, टायरची झीज ₹600. रात्री बाहेर चहा आणि वडापाव ₹960. डेटाचं जादा रिचार्ज ₹250. राहिले ₹5,930. इथवर दादांना मान्य होतं. पुढची ओळ त्यांनी लिहू दिली नाही, मी लिहिली: गेलेला ओव्हरटाइम ₹3,600. रात्री गाडी चालवायची तर दुपारी झोपलंच पाहिजे, म्हणून तीननंतर थांबणं बंद झालं होतं. आणि शॉपमधला ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळतो, तेव्हा लागू असलेल्या कारखाना कायद्याचं कलम 59 तेच सांगत होतं. बसल्या जागी मिळणारे तासाला ₹178 सोडून दादा टिळकवाडीतल्या दुसऱ्या रेल्वे गेटला फाटक उघडायची वाट बघत होते.

वजाबाकीनंतर आकडा आला ₹2,330. महिन्याला, चोवीस रात्रींचे.

तूट ₹5,300 ची आणि खरी वाढ ₹2,330 ची. म्हणजे दुसरं काम करूनही महिन्याला तीन हजार कमीच. वहिनींना राज्य सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला ₹2,000 सुरू झाले होते (सासूबाई वारल्यावर रेशनकार्डावर घरप्रमुख म्हणून त्यांचं नाव चढलं होतं), पण त्या सहा महिन्यांत तीनदाच जमा झाले. उरलेलं कार्डावर चढत गेलं.

एकूण कर्ज कमी झालं होतं, ते ₹3,02,600 वर आलं होतं. पण ते हप्त्यांमुळे. हप्ते दादा ॲपशिवायही भरतच होते. जी दोन देणी सर्वांत महाग, ती दोन मिळून ₹1,12,000 ची ₹1,21,000 झाली होती.

यात आणखी एक गोष्ट घडत होती आणि ती मला बहुतेक घरांत दिसते. पैसा व्याज बघून वाटला जात नाही, आवाज बघून वाटला जातो. मंगळवारी सेंटर मीटिंग असते, तिथं एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या बायका उठत नाहीत; म्हणून गट पहिला. सावकार सकाळी दूध आणायला जाताना भेटतो. म्हणून तो दुसरा. सोसायटीला मामा जामीन आहेत, मामांच्या पगाराला हात लागला तर तोंड दाखवायला जागा नाही, ती तिसरी. बँकेचा हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो, बाउन्स झाला तर दंड. कार्ड मात्र दारात येत नाही. पाच टक्के भरा, ₹3,100 भरा, की महिनाभर गप्प. महिन्याला साडेतीन टक्के व्याज, त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी. ₹62,000 च्या बाकीवर हे झाले ₹2,560. ₹3,100 भरल्यावर खरी बाकी उतरायची ₹540 ने, आणि पुढच्या आठवड्यात किराणा त्याच कार्डावर.

शॉपमध्येही परिणाम दिसायला लागला होता. एका सकाळी ऑफसेट (टूल कुठवर जाईल ते ठरवणारा आकडा) चुकीचा घातला गेला, बोअर म्हणजे आतलं भोक मोठं झालं, चार जॉब रिजेक्ट. सुपरवायझर बोलला नाही, पण त्या महिन्याचा अटेंडन्स-क्वालिटी बोनस गेला.

गटाची नवी सायकल घ्यायची नाही, यावर लवकर एकमत झालं. कार्डासाठी 24 टक्क्यांचं कर्ज घेणं कागदावर स्वस्त दिसतं, पण आठवड्याचा हप्ता ₹1,300 च्या घरात जातो आणि घराला आठवड्याच्या हप्त्यानेच जेरीला आणलं होतं. खरा वाद झाला तो सोन्यावरून.

वहिनींकडे मंगळसूत्र आणि दोन पाटल्या होत्या. त्या तारण ठेवून बँकेकडून सव्वानऊ टक्क्यांनी कर्ज घ्यावं आणि सावकार व कार्ड एकाच दिवशी मिटवावं, असं मी सुचवलं. वहिनी उठून आत गेल्या. पाटल्या त्यांच्या आईच्या. दादा म्हणाले, "नको सर. ते तेवढं राहू दे." मी हिशेब पुढे ठेवला: सावकाराचं व्याज ₹2,500, कार्डाचं जीएसटीसह ₹2,930, दोन्ही मिळून ₹5,430. सोन्यावरच्या कर्जाचं व्याज पहिल्या महिन्याला ₹930. फरक साडेचार हजारांचा. रात्री पाच तास गाडी चालवून जे मिळत होतं त्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि त्यासाठी घराबाहेर पाऊलही टाकायचं नव्हतं.

हा सल्ला सगळ्यांना देण्यासारखा नाही हेही सांगतो. कार्डाचं देणं बुडालं तर बँक फोन करते. सोन्याचं बुडालं तर सोनं जातं. मी बघितलेल्या निम्म्या घरांत सोनं ठेवून कार्ड मोकळं होतं आणि वर्षात कार्ड पुन्हा भरतं. मग दोन्ही डोक्यावर.

वहिनी बाहेर आल्या त्या दोन अटी घेऊन. कार्ड बंद करायचं, कपाटात ठेवायचं नाही. आणि दुसऱ्या कामाचा पैसा दादांच्या खात्यात येणार नाही. तो थेट सोन्याच्या कर्जात जाईल, पुढच्या फेब्रुवारीत पाटल्या घरात पाहिजेत. दुसरी अट मला सुचायला हवी इतकी चांगली होती. दादांचं म्हणणं होतं की रोज पिग्मी भरू आणि वर्षाअखेर एकरकमी सोडवू. आपल्याकडे पिग्मीची सवय जुनी आहे, सिंडिकेट बँकेने ती 1928 मध्ये सुरू केली तेव्हापासून कर्नाटकात घरोघरी आहे, आणि ज्याला हातात पैसा टिकत नाही त्याच्यासाठी ती चांगलीच. पण पिग्मीवर तीन-साडेतीन टक्के मिळणार आणि तिकडे सव्वानऊ टक्के चालू. सोन्याच्या या कर्जात मधे कधीही कितीही भरायची सोय होती. मग पिग्मी कशाला?

बँकेत मूल्यांकन करणाऱ्या सराफाने पाटल्या कसोटीवर घासल्या, मंगळसूत्राचे काळे मणी वजा केले, पाटल्यांतल्या लाखेचं वजन वजा केलं. वजन भरलं 34.6 ग्रॅम, धरलं 29.2. वहिनींनी दोनदा विचारलं, "लाख एवढी असते होय?" त्या आठवड्यात 22 कॅरेटचा भाव ग्रॅमला ₹5,700 च्या आसपास होता आणि तेव्हा किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंतच कर्ज देता यायचं. त्यात ₹1,21,000 बसले, जेमतेम.

सावकाराकडे मुद्दल तुकड्यांनी घ्यायची पद्धत नव्हती. व्याज महिन्याला, मुद्दल एकदम. त्याच्याकडे सही केलेला कोरा चेक आणि बाँड पेपर होता. कर्नाटकात सावकारीला 1961 च्या कायद्याखाली परवाना लागतो, जास्त व्याज घेण्याविरुद्ध 2004 चा वेगळा कायदा आहे, आणि या गृहस्थाकडे परवाना नव्हता. तक्रार करता आली असती. पण एकाच गल्लीत राहायचं, एकाच मंडळात गणपतीची वर्गणी द्यायची. दादा तयार नव्हते आणि मी जोर केला नाही. दोन ओळखीच्या माणसांसमोर रक्कम खात्यावरून दिली, चेक आणि बाँड परत घेतले, बाँडवर 'रक्कम पूर्ण मिळाली' लिहून सही घेतली. दादा तो फाडायला निघाले होते. तो त्यांना ठेवायला सांगितला.

कार्ड बंद करताना नेहमीचा घोळ झाला. स्टेटमेंटवर दिसणारे ₹71,000 भरले, पण स्टेटमेंटच्या तारखेपासून भरल्याच्या तारखेपर्यंतचं व्याज पुढच्या महिन्यात उगवलं, ₹1,100 च्या वर. तेही भरलं, मग बंद करण्याचा अर्ज. देणं शिल्लक नसेल तर अर्जानंतर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं आणि उशीर झाला तर कार्ड देणाऱ्याला दिवसाला ₹500 दंड ग्राहकाला द्यावा लागतो, हा रिझर्व्ह बँकेचा नियम सांगितल्यावर कॉल सेंटरवरचा सूर बदलला. काहीही देणं नसल्याचं पत्र ईमेलने आलं.

आता दुसरं काम. ॲप सोडायचं ठरलं, पण दुसरं काय? दादांना मच्छेतल्या एका शॉपने विचारलं होतं, रात्रपाळीला ₹450, नोंद नाही, रोख. उद्यमबाग, मच्छे, नावगे या पट्ट्यात हे सर्रास चालतं. मी नको म्हटलं. तेव्हा लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 60 प्रमाणे एका कारखान्यात काम केलेल्या दिवशी कामगाराला दुसऱ्या कारखान्यात काम करू देता येत नाही. कायद्याचं बाजूला ठेवा. नोंद नसलेल्या पाळीत बोट गेलं तर ईएसआय (कामगार विमा) कुठल्या मालकाच्या नावावर मागणार? सकाळी झोपेत ऑफसेट चुकवणाऱ्या माणसाला रात्री दुसऱ्या मशीनवर उभं करणं मला पटलं नाही.

वाट निघाली ती दादांच्या हातातल्या कसबातून. शहरात सीएनसी प्रोग्रॅमिंग शिकवणारे खासगी क्लास आहेत. आयटीआय आणि डिप्लोमाची मुलं येतात. शिकवणाऱ्याला संगणकावरचं येतं, पण कापलेल्या धातूची चिप कशी तुटते, टूल कधी बोंबलतं हे मशीनवर उभ्या राहिलेल्यालाच ठाऊक. दादांनी एका क्लासला जाऊन विचारलं. आठवड्यात तीन संध्याकाळी दोन-दोन तास आणि रविवारी सकाळी, महिन्याला ₹7,500. पेट्रोल जेमतेम ₹500. या वेळी मालकाला सांगितलं. मालक म्हणाले, "शिकव की. चांगलं पोर दिसलं तर इकडं पाठव. फक्त इथं येऊन झोपू नको." ओव्हरटाइम पुन्हा सुरू झाला, क्लास नसलेल्या दिवशी, महिन्याला सोळा तास.

मार्च 2024 पासून घरात येणारा पैसा असा होता: पगार ₹18,800, ओव्हरटाइम ₹2,850, क्लासचे निव्वळ ₹7,000, शिलाई ₹4,000, गृहलक्ष्मी ₹2,000. एकूण ₹34,650. घरखर्च ₹12,500, बँक आणि सोसायटीचे हप्ते वजा जाता ₹11,200 च्या वर हातात. गटाचे शेवटचे हप्ते एप्रिलच्या सुरुवातीला संपले. वहिनींनी गट सोडला तेव्हा दोन-तीन महिने सेंटरच्या बायका बोलत नव्हत्या. एक बाई कमी झाली की गटाला पुढचं कर्ज अडतं. त्याची किंमत कुठल्याच हिशेबात धरता येत नाही, पण वहिनींनी ती मोजली.

पहिले ₹10,000 सोन्याच्या कर्जात भरू नका, वेगळे ठेवा, असं मी सांगितलं आणि दादांना ते अजिबात आवडलं नाही. सव्वानऊ टक्के चालू असताना दहा हजार नुसते पडून? हिशेबाने त्यांचं बरोबर होतं. पण ज्या घरात म्हातारा माणूस औषधावर आहे तिथं रिकामा हात म्हणजे पुन्हा गल्लीतला सावकार. जुलैमध्ये वडिलांना ॲडमिट करावं लागलं, ₹18,000 लागले. दहा बाजूचे, आठ त्या महिन्याच्या उरलेल्यातून. नवं कर्ज झालं नाही. ऑगस्टमध्ये ते दहा पुन्हा भरून काढले, म्हणून त्या महिन्यात सोन्यात जेमतेम ₹1,300 गेले. सप्टेंबरला गणपती, तिथं मी काही बोललो नाही. बेळगावात राहून गणपतीचा खर्च कापा म्हणणाऱ्याला कुणी घरात घेणार नाही. त्या महिन्यात पाच हजार भरले गेले, तेही पुष्कळ.

दिवाळीचा बोनस ₹14,000 आला, निम्मा सोन्यात, निम्मा घरात. नोव्हेंबरमध्ये सोसायटी संपली, मामा मोकळे झाले, आणि ₹3,917 सुटले ते तसेच सोन्याकडे वळवले. सुटलेला हप्ता घरखर्चात मिसळू दिला नाही, याचं श्रेय वहिनींचं. त्यांनी बँकेत स्थायी सूचनाच देऊन टाकली होती.

फेब्रुवारी 2025 मध्ये वर्ष भरलं तेव्हा सोन्याच्या कर्जात ₹14,300 बाकी होते. नूतनीकरण करून महिन्याभरात सोडवता आलं असतं आणि राखीव दहा हजार हातात राहिले असते. मी असतो तर तेच केलं असतं. वहिनींनी राखीव रक्कम मोडली, वर शिलाईचे पैसे घातले आणि पाटल्या घरी आणल्या. वर्ष म्हणजे वर्ष. त्याच सुमारास 22 कॅरेटचा भाव ग्रॅमला ₹7,800 च्या वर गेला होता. वर्षापूर्वी काही नातेवाईक ठेवण्यापेक्षा विकूनच टाका म्हणत होते, त्यांची आठवण वहिनी अजून काढतात.

याच महिन्यात राज्य सरकारचा मायक्रोफायनान्सबद्दलचा अध्यादेश आला. सक्तीच्या वसुलीला 10 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड. गावात मात्र बातमी पसरली की गटाची कर्जं माफ झाली. वहिनींच्या जुन्या गटातल्या दोघींनी हप्ते थांबवले आणि नंतर थकबाकीसह भरले. अध्यादेश वसुलीच्या पद्धतीला लगाम घालणारा होता. नोंदणीकृत संस्थेचं कर्ज त्याने माफ होत नव्हतं.

आयकराचं थोडक्यात. 2024-25 मध्ये पगार आणि क्लास मिळून उत्पन्न चार लाखांच्या आत, नव्या पद्धतीत 7 लाखांपर्यंत सूट असल्याने कर शून्य. वहिनींना धास्ती होती की क्लासचं उत्पन्न कागदावर आलं तर गृहलक्ष्मी बंद होईल. नवरा किंवा बायको आयकर भरत असेल तर ती योजना मिळत नाही हे खरं. इथं भरायचा करच नव्हता. उत्पन्न लपवण्याचं कारण उरलं नाही.

राहिलं पर्सनल लोन. मार्चपासून महिन्याला पंधरा हजार उरत होते, ऑगस्ट 2025 मध्ये सहा हप्ते बाकी असताना दादा म्हणाले, आता एकरकमी भरून टाकू. कर्ज ठरीव व्याजाचं होतं आणि मुदतीआधी बंद केलं तर करारात 4 टक्के आकार, त्यावर जीएसटी. शिल्लक मुद्दल ₹39,983. सहा हप्त्यांत अजून जाणारं व्याज ₹1,765. बंद करण्याचा आकार ₹1,887. म्हणजे लवकर फेडून ₹122 चा तोटा. बारा हप्ते बाकी असताना केलं असतं तर पावणेतीन हजार वाचले असते, पण तेव्हा हातात पैसे नव्हते. शेवटच्या हप्त्यांत व्याजाचा भाग इतका कमी राहिलेला असतो की मुदतीआधी फेडण्यात काही उरत नाही, हे मी दादांना कागदावर दाखवलं.

दादा हसले. "एकशेबावीस रुपयांत डोक्यावरचं उतरत असेल तर स्वस्तच की, सर."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी कर्ज बंद केलं, ना-हरकत पत्र घेतलं, आणि दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढून बघितला; वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. पाचांपैकी काही खाती त्यात नव्हती, अर्थातच. सावकार कुठल्या रिपोर्टात येत नाही.

क्लास चालू आहे, पण रविवार बंद. वहिनींनी ते मागून घेतलं. दादांना मिळणारे पैसे ₹5,500 झाले. त्या पैशातून वहिनींनी जुनं ओव्हरलॉक मशीन रोखीने घेतलं आणि आता खडेबाजारातल्या एका दुकानाचं काम घरी येतं. शक्ती योजनेत बायकांना बस फुकट असल्याने कापड आणायला-पोचवायला खर्च नाही.

दिवाळीत मामा आले. त्यांना सोसायटीतून ₹2,00,000 हवे होते, धाकट्याला गाडी घ्यायला, आणि जामीन म्हणून दादांची सही. दादांनी मला फोन केला. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, करार कायद्याचं कलम 128 तेच आहे. सोसायटी मामांकडे न जाता थेट तुमच्या पगारावर येऊ शकते, हे सांगितलं. मामा तीन वर्षांत निवृत्त होणार आणि कर्ज पाच वर्षांचं. मागून वहिनींचा आवाज आला, "त्यांनी दिली तेव्हा आपण कलम विचारलं होतं काय?"

दादा मामांकडे जाऊन बसले, दोघांनी मिळून गाडी जुनी बघितली, कर्ज ₹75,000 वर आणि मुदत अडीच वर्षांवर आणली. सही दिली. हप्ता दहा तारखेचा आहे. चुकला तर निरोप मामांबरोबर दादांच्या मोबाइलवरही यावा, असं सोसायटीला लेखी देऊन ठेवलं आहे.